घर बंद करताना

"आई, तू फक्त हो म्हण. दोन-दोन रात्रींचे पाहुणे घेऊ. चार पैसे जास्त सुटतील आणि सुट्टीत घर आपलं ते आपलंच राहील," मुलगा गाडीत सामान ठेवता ठेवता म्हणाला. "एकदा वर्षाच्या करारानं दिलं, की आपल्याच घरी यायला दुसऱ्याला विचारावं लागेल."

काकूंना ते पटतही होतं. टेकडीवरचं हे सुट्टीचं घर काकांनी हौसेनं बांधलेलं. गेल्या मोसमात तिथं पाहुणे येऊन गेले होते. माणसं वाईट नव्हती, पण त्यातल्या एकानं बुकिंगच्या ॲपवर शेरा मारला होता: 'देखावा उत्तम, कपांना जोड नाही.' काकूंच्या तो जिव्हारी लागला. जोड कुठून असणार? एकेक कप कुठल्या ना कुठल्या नातवंडाच्या हातून वाचलेला.

सध्या मागच्या खोलीत एक नर्स उतरली होती, खालच्या दवाखान्यात नव्यानं लागलेली. तिला घर वर्षभरासाठी हवं होतं. जाण्याआधी तिला काय ते सांगायचं होतं. ती ड्यूटीवरून येऊन आंघोळीला गेली होती.

"काय सांगायचं तिला?" मुलानं विचारलं.

"सांगते. आधी घर तर आवरू दे."

काकूंचे हात आपसूक कामाला लागले. निघताना घर बंद करायची रीत काकांनी घालून दिलेली. गाद्या गुंडाळायच्या, आरशावर चादर टाकायची, खिडक्या लावायच्या, आणि सगळ्यात शेवटी अंगणातला पाण्याचा मोठा कॉक फिरवायचा. तो मान काकांचा होता. ते गेल्यापासून काकूंचा. आजही सगळं आवरून त्यांनी तो घट्ट फिरवला.

तेवढ्यात आतून आरोळी आली, "अहो काकू! पाणी गेलं! डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!"

काकूंनी जीभ चावली. "अगं बाई! थांब, थांब, सोडते!" घाईत कॉक काही फिरेना. मुलानं धावत येऊन तो फिरवला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"आई, भाडेकरू पळवून लावायची ही नवी तऱ्हा का?"

थोड्या वेळानं नर्स डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. डोळे लालबुंद. तिनं आपल्या खोलीत डोकावून पाहिलं.

"माझी गादीसुद्धा गुंडाळलीत? काकू, माणूस आत असताना कुणी घर बंद करतं का?"

काकू हसायला गेल्या आणि हसता हसता त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

"चुकलंच माझं. मागे कुणी राहतंय याची सवय नाही गं मला." मग त्या मुलाकडे वळल्या. "हिलाच देऊ या. वर्षाच्या करारानं."

"आणि सुट्टीत आपण?"

"विचारून येऊ. विचारायला कुणीतरी असेल ना इथं."

"या की," नर्स एकेक खिडकी उघडत म्हणाली. "फक्त मी आंघोळीला नसताना या."

गाडी उतारावरच्या वळणाशी आली. इथून मागे पाहिलं की मिटलेलं घर दिसायचं, म्हणून हल्ली काकू पाहतच नसत. आज त्यांनी पाहिलं. खिडक्या सताड उघड्या होत्या. दोरीवर टॉवेल वाळत होता. आणि ओल्या केसांनी फाटकात उभी राहून ती मुलगी हात हलवत होती, "पोचल्यावर फोन करा" असं काहीतरी ओरडत होती.

या घरातून निघताना काकूंना आजवर कुणी निरोप दिला नव्हता. त्यांनी काच खाली करून हात बाहेर काढला. वळण संपलं, घर दिसेनासं झालं, तरी त्या तो हलवतच राहिल्या.