सर्व्हरमध्ये न मावलेली शाल

रक्तदात्यांची वेबसाइट आकांक्षाने सगळ्यात स्वस्त सर्व्हरवर बसवली होती. सर्व्हरची मेमरी इवलीशी, त्यात प्रत्येक दात्याला सत्काराच्या शालीतला आपला फोटो हवाच. आज अमरावतीच्या दवाखान्यात एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त लागलं, सगळे एकदम वेबसाइटवर आले आणि सर्व्हरने मान टाकली. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. शेवटी तिने सगळे फोटो पुसले. नावं, रक्तगट आणि नंबर तेवढे ठेवले. वेबसाइट झटक्यात उघडली. “माहा बी फोटो काढून टाकला काय?” तिचे वडील किसनराव फुरंगटले. “फोटोपायीच बंद पडून राहिली होती, बाबा.” तेवढ्यात बाबांचाच फोन वाजला. यादीत ओ निगेटिव्हपुढे त्यांचा नंबर सापडलेला बाळंतिणीचा नवरा “दवाखान्याच्या गेटवर ओळखू कसं?” विचारत होता. बाबांनी फोन कानाशी धरूनच कपाटातून सत्काराची शाल ओढली. “एवढ्या उन्हात कोनी शाल पांघरून दिसला का समजून जा, मीच आहो.”