नावाड्याचा दुसरा चेहरा

म्हाताऱ्याचं डोकं टेबलावर होतं आणि त्याचं काय करायचं ते दुपारपर्यंत ठरवायचं होतं. खेळण्यातल्या माणसाचं, वाटाण्याएवढं पिवळं डोकं. पुढे चेहरा छापलेला, मागची बाजू कोरी.

"दुसरा चेहरा नाही तर माणूसही नाही," गित्ते म्हणाली. खेळण्याचा खोका विकायची जबाबदारी तिची. "त्याच्या जागी समुद्रातला सील प्राणी टाकू. पोरांना सील आवडतं, आणि सीलला एकच चेहरा पुरतो."

खेळण्यातल्या ठोकळ्यांचे संच बेतण्यात होल्गरची उभी हयात गेली होती. इथला नियम नव्या लोकांना तोच शिकवायचा. सिनेमातल्या माणसाच्या डोक्याला दोन चेहरे छापायचे, एक पुढे आणि एक मागे, टोपीखाली लपलेला. पोरानं डोकं फिरवलं की रागावलेला हसला पाहिजे, भित्रा शूर झाला पाहिजे. नाहीतर पोर खेळणार काय, कपाळ.

हा संच ज्या कार्टून सिनेमावरून होता, तो अजून लोकांपुढे यायचा होता. कोपनहेगनहून चित्रं आली होती, ती कुलूपबंद खोलीत बघायची, घरी बायकोलाही सांगायचं नाही. होल्गरनं नावाड्याची होडी मन लावून बेतली होती. नावाडी, म्हणजे हा म्हातारा, मात्र एकाच चेहऱ्याचा आला होता. चष्मा कपाळावर, कानामागे पेन्सिल, ओठ आवळलेले आणि डावी भुवई थेट टोपीत शिरलेली. सिनेमात तो होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात खोट काढतो.

"ही भुवई चुकलीय," होल्गर पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "माणसाची भुवई एवढी वर जाते कुठे?"

खोलीत कुणी मान वर केली नाही. गित्ते खोकली.

"जाते एखाद्याची," ती म्हणाली.

सील टाकल्यानं होडीचं काही बिघडणार नव्हतं. होल्गरला ते कळत होतं. पण ती चित्रं सोल्वायनं काढली होती, आणि सोल्वाय त्याची लेक. तिच्या लग्नात रीतीप्रमाणे बापाचं भाषण झालं. बाकीचे बाप मुलीचं कौतुक करतात. होल्गरनं तिची लहानपणची चित्रं आणली आणि कुठे हात लांब झाला, कुठे घोड्याचा गुडघा उलटा वळला, ते पाहुण्यांना एकेक करून दाखवलं. त्याला वाटलं, लोक हसतील. नवरदेवाची आजी तेवढी हसली, तिला ऐकू कमी यायचं. तेव्हापासून सोल्वाय नाताळला आईला फोन करायची आणि बाप घरात नाही ना, ते आधी विचारून घ्यायची.

हा संच होल्गरनं स्वतःहून मागून घेतला होता. तिच्या हातचं काहीतरी आपल्या हातून एकदा तरी धड बाहेर पडावं, एवढंच त्याच्या मनात होतं. कामावर नाव त्याचं आहे हे तिकडे सगळ्यांना ठाऊक होतं. आता तिचा नावाडी जाऊन तिथे सील बसलं, तर ते कुणी केलं असं तिला वाटेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुपारी व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर कोपनहेगनची सिनेमावाली माणसं आली. एका चौकटीत दिग्दर्शिका, शेजारी तिचे दोघं-तिघं सहकारी, आणि एक चौकट काळी. तिच्याखाली सोल्वायचं नाव. ती कॅमेरा कधीच लावायची नाही. होल्गरही मग टेबलाच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं बसायचा. बाप तशी लेक.

"तुमचा नावाडी हसतो तरी कधी?" गित्तेनं विचारलं. "आम्हाला एक हसू द्या, आम्ही छापतो. नाहीतर आमचं सील तयार आहे."

"आमच्या सिनेमात सील नाही," दिग्दर्शिका म्हणाली.

"आमच्या खोक्यात आहे."

"अगं, हसतो तो. शेवटी, पैलतीराला लागल्यावर. तेवढं एकच चित्र राहिलंय." दिग्दर्शिकेनं मान वळवली. "सोल्वाय, कुठे अडलंय ते?"

काळ्या चौकटीतून पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जमत नाहीये मला," सोल्वाय म्हणाली. "ज्याच्यावरून काढला, त्याला हसताना मी कधी पाहिलेलंच नाही."

गित्ते होल्गरकडे बघेना. तिनं ते डोकं उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं. होल्गरनं चिमटीत धरून भुवई नीट बघितली. मग त्याचा हात आपसूक कानामागे गेला. पेन्सिल तिथेच होती. त्याला लाज वाटली. आणि पोरीनं आपल्याकडे इतकं निरखून बघितलंय, याचं कुठेतरी बरंही वाटलं.

तो उठला. खुर्ची ओढत गित्तेच्या शेजारी आणली आणि कॅमेऱ्यासमोर बसला. कपाळावरचा चष्मा काढून खिशात टाकला. हसायचं म्हणून त्यानं ओठ ताणले. ते काही हसू नव्हतं. त्यानं पुन्हा ताणले. दात दुखणारा माणूस बरा दिसला असता. गित्तेनं तोंडावर हात धरला, तरी तिला हसू फुटायचं ते फुटलंच, आणि तिचा अवतार बघून होल्गरलाही आलं. चांगलं खांदे हलेपर्यंत आलं. ते आवरायला म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

काळ्या चौकटीत उजेड झाला. सोल्वायनं कागद पुढे ओढला होता.

"हलू नकोस, बाबा," ती म्हणाली.