पक्का पाया

गिरीजची ऋतिका सुकेळ्यांचा, वाळवलेल्या गोड केळ्यांचा, पुडा घेऊन बोळिंजच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आली, तेव्हा परेश सरांना वाटलं, पोरीला नोकरी लागली. त्यांनी तिला नव्या बॅचसमोर उभं केलं. "ही आपल्या याच निळ्या स्क्रीनच्या जुन्या कंपायलरवर शिकली. नव्यात सगळं आयतं मिळतं, पाया कच्चा राहतो." ऋतिका खाली बघत राहिली.

नव्या कंपायलरची, म्हणजे प्रोग्राम लिहून चालवायच्या नव्या सॉफ्टवेअरची, सीडी सरांच्याच कपाटात होती. दोन वर्षांपूर्वी ते महिनाभर त्या सीडीशी झगडले होते, पण साधी विंडो काही उघडेना. तेव्हापासून त्यांनी हे पक्क्या पायाचं काढलं होतं.

मुलं पांगल्यावर त्यांनी विचारलं, "मग, जॉइन कधी होतेस?"

"नाही झालं, सर. एक विंडो आणि तिच्यात एक बटण, एवढाच प्रोग्राम लिहायला सांगितला मुलाखतीत त्यांनी. मला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. मी आपली जुन्या पद्धतीनं लिहायला लागले, तर हसले. म्हणाले, हे अजून शिकवतं कोण?"

सरांना कपाटाकडे बघवेना. "तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, कुणी नाही. माझी मीच शिकले, पुस्तक बघून." तिनं पुडा त्यांच्या हातात दिला. "तुमचं नाव येऊ दिलं नाही मी, सर."