चढावरची टकटक

चढावर इंजिन टकटक करतं, असंच चालवलं तर पिस्टन जाईल, असं जरीपटका भागातला नत्थू मेकॅनिकच म्हणाला होता. त्याने डोमाजीरावांच्या जुन्या फियाटचा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून ठिणगीचं टायमिंग जुळवलं आणि ट्रायल मारून आला.

"गेली टकटक."

"लय चांगलं केलं गा!" डोमाजीराव हसले. "घराजवळच्या चढावर वाजली का बायको फोन ठेवते, सून खोलीची कडी लावून घेते. आता कोणाले पत्ताच नाही लागत, मी आलो म्हणून. आज पाहतोच एकेकीले."

नत्थूने पुसलेले हात पुन्हा बॉनेटखाली घातले आणि डिस्ट्रिब्युटर आधी होता तिथे परत नेला.

"काहून गा, आता काय राह्यलं?"

"काही नाही. घरी पोचेस्तोवर परत येते ती टकटक, साहेब. जुनी गाडी हाय."