संस्थेचा की वैयक्तिक?

‘अपडेटची सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत.’ करडं पडलेलं बटण दहाव्यांदा दाबून हेमलताबाईंचं डोकं फिरलं. एकतीस वर्षं शिक्षण संस्थेत क्लार्क म्हणून राबल्यावर निरोप समारंभात शाल-नारळाबरोबर हा कॉम्प्युटर त्यांना भेट दिला होता. कुलूप मात्र कुणी काढलं नव्हतं.

त्यांनी नव्या सचिवांना फोन लावला. ते म्हणाले, “पासवर्ड असा देता येत नाही, बाई. रीतसर अर्ज करा, मीटिंगमध्ये ठेवतो.”

सवयीने त्यांनी कागद घेतला, समास दुमडला, ‘माननीय सचिव यांस, सविनय’ इथवर लिहिलंसुद्धा. मग पेन आपटलं. “माझ्याच घरातल्या वस्तूसाठी मी अर्ज करू?” कागदाचे तुकडे झाले.

दुपारी दुरुस्तीच्या दुकानात जाऊन त्यांनी जुनी सिस्टीम पार पुसायला लावली. नव्या पडद्याने विचारलं, ‘संस्थेचा की वैयक्तिक?’ ‘वैयक्तिक’ त्यांनी स्वतःच्या हाताने दाबलं.

सोमवारी सचिवांचा फोन आला. “बाई, दाखल्यांचं जुनं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हो? तपासणीवाले समोर बसलेत.”

“रीतसर अर्ज करा,” हेमलताबाई म्हणाल्या, “मीटिंगमध्ये ठेवते.”