फोटोखालची ओळ

धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ख्रिस्ती इतिहासाची भरवशाची संकेतस्थळं निवडताना रोहिणी शिणगारे एका फोटोपाशी थबकली. डोक्यावर पदर, हातात उघडं पुस्तक.

"अगं बाई, ही तर आजी!"

फोटो एका परदेशी मिशनच्या पानावर होता. खाली लिहिलं होतं, 'अंधारातून वाचवलेली एक अडाणी स्त्री.'

तो फोटो आणखी कुठे आहे का, हे तिने शोधलं. मिशनला शिव्या घालणाऱ्या एका संकेतस्थळावर सापडला. तिथे आजी 'पोतंभर गव्हासाठी बाटलेली' होती. पुरावा म्हणून दुवा दिला होता मिशनच्याच पानाचा, आणि त्या पानावर गव्हाचं अवाक्षरही नव्हतं.

तिने कॉलेजच्या प्राचार्यांना फोन लावून मिशनचं पान यादीत नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मिशनचं राहू द्या, मॅडम. आपलीच माणसं आहेत ती."

"माझ्या आजीला अडाणी म्हणणारी?" तिने फोन ठेवला आणि ते पान यादीतून काढून टाकलं.

शेजारी मेथी निवडत बसलेल्या आत्याने विचारलं, "काय लिहिलंय गं आमच्या आईबद्दल?"

रोहिणीने नाइलाजाने दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. आत्याचा हात थांबला.

"अडाणी? अख्ख्या वस्तीच्या पोरींना अक्षर शिकवलं तिने. आणि गहू? आम्ही जन्मभर बाजरीच खाल्ली." मग चष्मा सावरत ती पडद्याजवळ आली. "आईचं नाव कुठाय यात?"

"दोन्हीकडे नाही, आत्या."

आत्या उठली, मोरीपाशी गेली आणि थुंकून आली.