एका अक्षराचं उत्तर

वॉशिंग मशीन अचानक थांबलं आणि गॅलरीतला तिचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला.

"ने."

एवढंच. त्याआधी फोनमधून पुरुषाचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण शेवट वर चढला होता. म्हणजे प्रश्न होता. मग हे एक अक्षर, आणि तिने फोन बंद केला.

ती आत आली तेव्हा तो कपडे काढण्यात गुंग असल्यासारखा मशीनवर वाकला होता.

'कोण होतं?' हा प्रश्न जिभेवर आला आणि त्याने तो गिळला. विचारायची सोय राहिली नव्हती. महिन्यापूर्वी तिच्या ऑफिससमोर, रस्त्यापलीकडे उभा असताना तो सापडला होता. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली होती, "पुन्हा माझ्यावर पाळत ठेवलीस, तर मी इथे राहणार नाही. भांडणार नाही, रडणार नाही. राहणार नाही."

तो प्रयोगशाळांचे तराजू तपासून द्यायचा. काटा केसभर सरकला तरी त्याला दिसे. स्वतःच्या मनाचा काटा कुठे गेलाय हेही दिसत होतं, पण तो जागेवर आणायला जमत नव्हतं.

सगळं सुरू झालं लंबूपासून. ती यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करणाऱ्या कंपनीत होती. तिथे देशोदेशीची माणसं. त्यातला हा एक ताडमाड, तिच्या शेजारच्या टेबलावरचा. सुरुवातीला ती घरी येऊन सांगायची, आज लंबूने असं केलं, लंबू तसं म्हणाला. मग नवऱ्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं आणि तिने लंबूचं नाव घेणंच सोडलं. त्याला वाटलं, लपवते आहे.

'ने'ची गंमत त्याआधीची. जेवताना तिनेच सांगितली होती. "ग्रीक माणूस 'ने' म्हणाला तर हो. चेक माणूस म्हणाला तर नाही. जपानी तर वाक्याला शेपूट म्हणून लावतात, आपल्या 'ना'सारखं. काल मीटिंगमध्ये एक 'ने' म्हणाला, समोरचाही 'ने' म्हणाला. दोघांना वाटलं एकमत झालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघं किती खूश होते, विचारू नकोस."

तेव्हा त्याला हसता हसता ठसका लागला होता.

आता हसू येत नव्हतं. लंबूने काहीतरी विचारलं होतं आणि तिने त्याला त्याच्याच भाषेत उत्तर दिलं होतं. काय विचारलं असेल, हे त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. येतेस का माझ्याबरोबर? उत्तराचा अर्थ मात्र लंबूच्या देशावर अवलंबून होता, आणि लंबू कुठला हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

दुसरं कोण असणार? धाकट्या भावाचा फोन आला की तिचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू जायचं. हा फोन तसा नव्हता.

सकाळी ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"जाताना कचरा खाली ने. आणि छत्री ने, आभाळ आलंय."

"जी, बाईसाहेब."

एरवी यावर ती 'पगार कापीन' म्हणायची. आज नुसती नळाखाली पेला धरून उभी राहिली. पेला भरून वाहत होता.

"तू आवरत नाहीस?"

"आज रजा घेतलीय. घरात कामं आहेत."

ती नसताना तिच्या ऑफिसात जाणं म्हणजे पाळत नव्हे, अशी त्याने वाटेत स्वतःची समजूत घातली.

"मॅडमची छत्री राहिलीय का इथे?" त्याने स्वागतकक्षातल्या बाईंना विचारलं. त्यांनी त्याच्या हातातल्या छत्रीकडे पाहिलं.

"दुसरी," तो म्हणाला.

त्या टेबलाखाली शोधायला वाकल्या. तेवढ्यात आतून लंबू आला. दाराची चौकट त्याच्यासाठी कमी पडत होती.

"कॉफी?" बाईंनी खालूनच विचारलं.

लंबूने पोटावर हात ठेवला, जोरजोरात मान हलवली. "ने, ने." आणि तो बाहेर गेला.

छत्री विसरून त्याने दाराकडे बोट दाखवलं. "हे कुठले?"

"चेक. आमच्या मशीनच्या कॉफीला आजवर एकदाही हो म्हणाला नाही. पुढच्या आठवड्यात कायमचा परत चाललाय, तरी नाही ते नाहीच."

परत चाललाय. म्हणजे प्रश्न तोच होता. आणि ती नाही म्हणाली होती.

रस्त्यावर येऊन तो मोठ्याने हसला. एक बाई दचकून बाजूला झाली. त्याला कुणाचीही माफी मागावीशी वाटत होती, त्याने तिचीच मागून घेतली. आज घरी गेल्यावर सगळं कबूल करायचं. गॅलरी, ऑफिस, सगळं. पुन्हा संशय म्हणून घ्यायचा नाही.

कामावर त्याचं लक्ष लागलं नाही. तो लवकर निघाला. तिच्या लिहायच्या टेबलासाठी ती केव्हापासून एक दिवा मागत होती, तो त्याने घेतला. चांगला, मान वळणारा.

इमारतीखाली टेम्पो उभा होता. कुणीतरी जागा सोडत असावं. जिन्यात त्याला भिंतीला चिकटून थांबावं लागलं, कारण वरून एक टेबल उतरत होतं. एका पायाखाली रबराचा तुकडा चिकटवलेला होता. डगमगू नये म्हणून तो त्यानेच कापून बसवला होता.

टेबलामागून तिच्या धाकट्या भावाचा घामेजलेला चेहरा दिसला.

"दाजी, जरा सरका."

"हे कुठे चाललंय? कुणी सांगितलं तुला?"

भावाने टेबल पायरीवर टेकवलं. दिव्याच्या खोक्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"ताईनं. महिनाभर फोनवर विचारतोय, ताई, नेऊ का तुला? दर वेळी म्हणायची, थांब, सुधारेल तो." त्याने टेबल पुन्हा उचललं. "काल एकच शब्द बोलली. 'ने.'"